पात्रिकाची पत्री

गोवा सुटला त्याच्या पुढच्याच शिमग्यात मिठबावच्या खाडीकाठच्या वाडीवर गाऱ्हाणं चालू असताना एका बाईने मध्येच तोंड घातलं. वाडीच्या राखणदार देवापुढे बाई बोललेली तोवर कोणी ऐकली नव्हती. पुरुषांनी मागायचं, पुरुषांनीच 'व्हय म्हाराजा' म्हणायचं आणि बायकांनी मागे पदर सावरून उभं राहायचं, अशी रीत. बोलली ती लवूची यशोदा. ती का बोलली हे समजायचं तर तिच्या घरातल्या ट्रंकेपासून सुरुवात करावी लागेल.

ट्रंक लवूची. लवू बोटीवर आगवाला होता, म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून कोळसा ओढणारा. लग्नानंतर दोनतीन फेऱ्या करून तो शहाण्यासारखा घरी आला. मग एका फेरीत लिव्हरपूलच्या बंदरात शिडीवरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. त्याला तिथल्या इस्पितळात टाकून बोट निघून गेली. हाड जुळलं, पण माणूस काही परतला नाही. तिथल्याच गोदीत काम लागलं, आणि आज येतो उद्या येतो करत सात वर्षं गेली. वाडीतल्या लोकांचं काय जातं? ते म्हणाले, लवू गेलो तो गेलोच.

यशोदा मात्र वाट बघत राहिली. देवगडच्या बंदराकडे जाणाऱ्या आगबोटीचा धूर दिसला की ती हातातलं काम टाकून मागच्या पेळेवर, मातीच्या बसक्या कट्ट्यावर, जाऊन उभी राहायची. आगबोट बंदराला लागली, माणसं होडीतून उतरली आणि वाटेला लागली, एवढा वेळ मनात धरून ती वाटेकडे डोळे लावायची. दर खेपेस दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा यायचा. मूलबाळ नव्हतं, सासूसासरे वारले होते, शेजारी थोरला दीर भाई आणि जाऊ सुगंधा राहायची. लोक तिला म्हणायचे, माहेरी जा. ती म्हणायची, ते येतील आणि घराला कडी दिसली तर काय म्हणतील?

आणि खरोखरच गेल्या चतुर्थीला लवू आला. अंगावर कोट, डोक्याला टोपी, चालताना एक पाय किंचित ओढत, आणि मागे हमालाच्या डोक्यावर ही ट्रंक. हिरव्या रंगाची, पत्र्याची, दोन कुलपं लावलेली आणि वरून काथ्याच्या दोरीने आवळलेली. ती माजघरात भाताच्या कणगीला टेकवून ठेवली, आणि त्यानंतर कुणी तिला हात लावला नाही. लवूचे कपडे एका पिशवीत होते, तेवढ्यावर त्याचं भागायचं. चतुर्थी गेली, दिवाळी गेली, संक्रांत गेली, पण दोरीची गाठ होती तशीच. यशोदा केर काढताना तिच्याभोवती झाडू फिरवायची आणि मनात म्हणायची, न उघडलेली ट्रंक म्हणजे जाणाऱ्याची ट्रंक.

त्यात मुंबईहून सत्यवानाचा सांगावा आला. सत्यवान लवूचा बोटीवरचा सोबती. त्याने गावी येणाऱ्या एकाजवळ निरोप धाडला होता की विलायतेचं सरकार नवा कायदा करतंय, पुढे परवान्याशिवाय आपल्या माणसाला तिथे उतरू देणार नाहीत, तेव्हा परत जायचं मनात असेल तर पावसाआधी जा. लवूने निरोप ऐकला, मान हलवली आणि माडाच्या आळ्यात पाणी सोडायला निघून गेला. 'जाणार नाही' असं त्याच्या तोंडून आलं नाही. यशोदेला वाटलं, नुसतं तेवढं म्हणाला असता तरी पुढची दहा वर्षं आपण काही मागितलं नसतं.

तसा तो वाईट वागत नव्हता. कुंपण बांधलं, विहिरीचा रहाट दुरुस्त केला, जेवताना आमटीला नावं ठेवली नाहीत. पण संध्याकाळ झाली की मागच्या पेळेवर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसायचा. जिथे उभी राहून ती त्याची वाट बघायची, नेमका तिथेच. कुडी इथे आणि जीव तिथे, हे तिला बघताक्षणी कळत होतं. आधी माणूस समुद्रापलीकडे होता म्हणून ती झुरायची, आता तो हाताच्या अंतरावर होता आणि झुरणं तेवढंच राहिलं होतं. आधी निदान आशा तरी होती.

वाडीने त्याचं नाव पाडलं 'लवू इंग्रज'. कोकणात माणसाला टोपणनाव मिळालं की तो गावचा झाला असं समजतात, त्यात रागावण्यासारखं काही नसतं. लवूला 'लंगडो' म्हटलेलं चालायचं, 'विलायत' म्हटलेलं चालायचं, पण 'इंग्रज' म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. एकदा बाबलीच्या चहाच्या दुकानात गोव्याचा विषय निघाला होता. बाबलीचे पाहुणे पेडण्याचे. काल रात्री पोर्तुगीज म्हणून झोपले ते सकाळी हिंदुस्थानी होऊन उठले, आता त्यांना नेमकं काय म्हणायचं, यावर तावातावाने चर्चा चालली होती. बाबली हसत म्हणाला, आमच्या इंग्रजाला विचारा, त्याने जग पाहिलंय. लवूने चहाचा गिलास खाली ठेवला.

"बाबली, माका कायव म्हण," तो म्हणाला. "इंग्रज म्हणू नको."

अर्धा चहा तसाच टाकून तो निघून गेला. लोकांना वाटलं, गोऱ्यांचं मीठ खाऊन आलेला माणूस आणि गोऱ्यांच्या नावाने एवढा का चिडतो? अर्थ कुणाला लागेना. अर्थ लागत नसला की वाडीला एकच अर्थ सुचतो, आणि तो सुगंधेला सगळ्यांच्या आधी सुचला.

"गो यशोदे," ती म्हणाली, "कोणातरी इंग्रजिणीन तेच्यार कायतरी केल्यान हा. घोव घरात आणि ट्रंक बांदलली, ह्या काय बरा लक्षण न्हय."

सुगंधा तोंडाची फटकळ, पण धाकट्या जावेवर तिचा जीव. तिने भाईला न विचारता परस्पर, वाडीचं गाऱ्हाणं घालणाऱ्या महादू घाड्याशी बोलणं केलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी राखणदाराच्या पेडाशी, म्हणजे वडाच्या पाराशी, वाडीचं वार्षिक गाऱ्हाणं असतं, त्यात लवूचं नाव घालायचं आणि त्या इंग्रजिणीने बांधलेलं सोडवायचं. यशोदा हो म्हणाली. तिलाही ते कधीचं वाटत होतं, फक्त उच्चारायचा धीर नव्हता. देवाकडे तिचं एकच मागणं होतं. नवरा राहू दे, त्या ट्रंकेची दोरी सुटू दे, आणि सुटली तर घरात सुटू दे.

होळीला चार दिवस असताना लवू सकाळीच विहिरीवर गेला. तो पाणी काढेल म्हणून यशोदा कळशी घेऊन मागोमाग गेली, तर हा रहाटाकडे न बघता पाटाच्या कडेने वाकून वाकून चालला होता. जिथे पाणी झिरपतं तिथे बोटांनी गवत बाजूला करत होता. तिला वाटलं, चावी हरवली, ट्रंकेची.

"काय सोदतास?" तिने विचारलं.

"आज पात्रिकाचो दिवस," तो मान वर न करता म्हणाला.

यशोदेने ऐकलं ते 'पत्री'. आज कसली तरी पूजा आहे, नवऱ्याला पत्री हवी आहे, आणि इतक्या महिन्यांत त्याने पहिल्यांदा घरात काही मागितलं आहे. तिने कळशी तिथेच टेकवली आणि धावली. मागच्या बेलावरून बेल काढला, वृंदावनातली तुळस घेतली, दूर्वा उपटल्या, फाल्गुनात आघाडा मिळेना तरी कुठून तरी चार काड्या आणल्या, आणि सगळं ताम्हनात मांडून, वर हळदीकुंकू ठेवून ते ताम्हन त्याच्यासमोर धरलं. लवू ताम्हनाकडे बघत राहिला. त्याच्या हातात आंबुटीची दोन पानं होती, ती तीन पाकळ्यांची, पोरं आंबट म्हणून खातात ती. मग तो हसायला लागला. पाटाच्या कडेला बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. तो आल्यापासून यशोदेने त्याला हसताना पाहिलंच नव्हतं. ती आधी ओशाळली आणि मग आपणही हसली, का ते न कळता.

हसू ओसरल्यावर तो बोलायला लागला. पात्रिक म्हणजे एक संत, आयर्लंड देशाचा राखणदार. त्याच्या दिवशी तिथली माणसं छातीवर हे असं तीन पानांचं हिरवं खोचतात. लिव्हरपूलमध्ये राहणाऱ्यांसाठी खास त्यांच्या देशातून ती पानं ओल्या कापडात गुंडाळून येतात. लवू राहायचा ते घर एका विधवा आयरिश बाईचं होतं, खालच्या मजल्यावर ती, वरच्या खोल्यांत गोदीतली माणसं. पहिल्याच दिवशी तिने बटाट्याचं कालवण वाढलं. लवूला वाटलं, चार गोड शब्द बोलावेत. मोडक्या भाषेत तो म्हणाला, तुम्ही इंग्रज लोक जेवण फार छान करता. बाईने त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि आत नेलं. उपाशी झोपला बिचारा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्याने समजावलं की बाबा रे, या घरात काहीही म्हण, इंग्रज म्हणू नकोस. यांच्या देशावर इंग्रजांनी सातशे वर्षं राज्य केलं, आपल्यावर केलं त्याच्या कितीतरी आधीपासून.

"गोरेच मा ते?" यशोदेने विचारलं. "गोऱ्यांवर गोऱ्यांचा राज?"

लवू म्हणाला, तर काय! आणि गंमत अशी की त्यांची बोली जवळजवळ मेली, त्यामुळे इंग्रजांना शिव्या घालायच्या त्याही इंग्रजीतच घालाव्या लागतात. पात्रिकाच्या दिवशी त्या घरात ठरलेलं भांडण व्हायचं. बाईचा भाऊ हिरवा गळपट्टा बांधून यायचा आणि भाच्याला म्हणायचा, पान लाव, तू आयरिश आहेस. बाईचा मुलगा लिव्हरपूलमध्येच जन्मलेला, तो म्हणायचा, मी इथे जन्मलो, इथली शाळा शिकलो, मी इंग्रज. मामा म्हणायचा, तबेल्यात जन्मला म्हणून कोणी घोडा होत नाही. मुलगा म्हणायचा, तुमचा पात्रिक तरी कुठला? तो जन्माने आमच्याच बाजूचा, चाच्यांनी पळवून तुमच्याकडे गुलाम म्हणून विकलेला. मामा उसळून म्हणायचा, आणि तुमच्या इंग्लंडचा राखणदार, तो घोड्यावरचा जॉर्ज? त्या संताने इंग्लंडची माती डोळ्यांनी तरी पाहिली होती का? बाई मध्ये बसून बटाटे सोलत राहायची.

"पात्रिकान थंयचे सगळे सरप हाकलल्यान म्हणतत," लवू म्हणाला. "फुरसा नाय, घोणस नाय, कायव नाय."

"फुरसा नाय?" यशोदेला ते खरं वाटेना. फुरशाच्या भीतीने पाय जपून टाकत तिचा जन्म गेला होता. मग तिने हळूच विचारलं, "तो गुलाम केललो, तो मगे घराक गेलो काय नाय?"

गेला, लवू म्हणाला. बरीच वर्षं मेंढ्या राखून पळाला, आईबापांकडे पोचला. पण घरी त्याचं मन लागेना. त्याला स्वप्नात त्या तिकडच्या माणसांचे आवाज यायचे, परत ये म्हणून. आणि एक दिवस तो परत त्यांच्याकडे गेला.

यशोदेच्या हातातलं ताम्हन जड झालं. देवाधर्माची गोष्ट म्हणून सांगतोय, पण हा आपलीच गोष्ट सांगतोय, असं तिला वाटलं. तिने धीर करून विचारलं की मग तुम्ही का आलात? लवूने आंबुटीची पानं बोटांत फिरवली आणि खिशात सारली. मग त्याने तेही सांगितलं. गेल्या सालच्या पात्रिकाला मामाभाच्यांची जुंपली ती हातघाईवर आली. तेव्हा त्या बाईने सुरी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर लवूलाच विचारलं, तू बाहेरचा, तू सांग, माणूस कुठला धरायचा? लवू म्हणाला, आमच्याकडे जिथे नाळ पुरली तिथला माणूस. बाईने त्याच्याकडे बघत शांतपणे विचारलं, मग तू इथे काय करतोयस?

"नोरान तेवढाच इचारल्यान," लवू म्हणाला. "मगे बोट बगलंय."

इतका वेळ तो 'घरधनीण' म्हणत होता. नाव पहिल्यांदा आलं ते असं, हळू, तोंडातली लिमलेटची गोळी जिभेवर फिरवावी तसं. यशोदेला जे कळायचं ते कळलं. त्यापुढे काही विचारायची तिला गरज वाटली नाही, आणि त्यानेही काही लपवलं नाही.

"म्हणजे तिणा तुमका धाडल्यान," ती म्हणाली. "तुमी आपल्या मनान येवक नाय."

"ता खरा," लवू म्हणाला.

त्या दिवशी यशोदेने कपडे धुतले ते आपटूनच. सात वर्षं तिने सोमवार धरले, देवाला नारळ बोलली, आगबोटीचे धूर बघितले, आणि नवरा आला तो एका परक्या बाईने धाडला म्हणून! आभार मानायचे तर तिचे मानायचे आणि शिव्या द्यायच्या तर त्याही तिलाच. कपडे पिळता पिळता तिला स्वतःचं माहेर आठवलं. शिरगावचं, डोंगराकडचं, जिथे समुद्राचा आवाज येत नाही. तिची नाळ तिथल्या परसात पुरलेली. नाळेचा न्याय लावला तर ती इथे काय करत होती? वाडीतल्या कुठल्याही बाईची नाळ वाडीत नव्हती. पुरुषांनी खुशाल म्हणावं, जिथे नाळ तिथला माणूस, पण बाईची नाळ एकीकडे आणि जन्म दुसरीकडे. म्हणूनच त्या नोराला कळलं, असं यशोदेच्या मनात आलं. तिनेही देश सोडून परक्यांत संसार केलेला. घर ओढतं म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

एवढं कळूनही यशोदा सुगंधेला 'गाऱ्हाणं राहू दे' म्हणाली नाही. खोटं कशाला सांगायचं? नवरा राहायला हवा होता. गाऱ्हाण्याने राहणार असेल तर ते घातलेलं बरं, असाच तिचा हिशेब होता. होळीपर्यंत वाडीचे ढोल वाजत राहिले, शिमग्याच्या मिरवणुकांची रोंबाटं फिरली, आणि ती रोज ट्रंकेभोवती झाडू फिरवत राहिली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी राखणदाराच्या पेडाशी जमली. मोठ्या वडाखाली एक शेंदूर लावलेला पाषाण, त्याच्यापुढे केळीच्या पानावर नारळ, विडा, पेटलेली पणती. पुढे पुरुष, त्यांत भाईच्या शेजारी लवू, त्याला काहीच माहीत नव्हतं. मागे बायका. महादू घाडी म्हातारा, पण आवाज खणखणीत. वाडीत एक समज आहे की एका मागण्याला तीनदा 'व्हय म्हाराजा' झालं की ते देवाच्या पदरात पडलं, मग ते परत घेता येत नाही. त्यामुळे महादू सांभाळून बोलायचा. आधी गुराढोरांचं मागून झालं, मग होड्यांचं, मग मुंबईच्या चाकरमान्यांचं. आणि मग त्याने लवूचं नाव घेतलं.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराक, ह्या लवूक, थंय विलायतेत कोणा इंग्रजिणीन काय बांदला असात, काय खावक घातला असात, तर ता आज सोडव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"आणि तिणा जा केल्यान, ता तिच्यारच उलट म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

यशोदेने लवूकडे पाहिलं. तिला वाटलं होतं तो चिडेल, बाबलीच्या दुकानात चिडला तसा. पण तो चिडला नव्हता. त्याने मान खाली घातली होती आणि खिशाला हात लावला होता, जिथे पाच दिवसांपूर्वीची आंबुटी सुकून गेली असणार. यशोदेच्या डोळ्यांसमोर ती बाई आली, बटाटे सोलणारी, जिला तिने कधी पाहिलं नव्हतं. जिने नवरा धाडला, तिच्याच घरावर आपण विघ्न पाठवतोय. आणि तेही भलत्या नावाने! जे नाव ऐकलं की ती पुढ्यातलं ताट उचलून नेते, त्याच नावाने. महादूने तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"थांबा, महादूभावोजी," यशोदा म्हणाली. "ती इंग्रज न्हय."

सगळ्या माना मागे वळल्या. सुगंधेने तिचा पदर ओढला. महादू मात्र गांगरला नाही. बाई बोलली याचं त्याला नवल वाटलं असेल, पण गाऱ्हाण्यात चूक झाली याची काळजी त्याला जास्त होती. चुकीच्या नावाचं गाऱ्हाणं भलत्याच्या दारात जातं, हे त्याला बापाने शिकवलं होतं.

"मगे कोण ती?"

"नोरा तिचा नाव. तिणा हेंका काय करूक नाय. तिणा हेंका घराक धाडल्यान."

"गाव खंयचो तिचो? देवाक गाव सांगूक व्हयो."

या प्रश्नावर त्या लिव्हरपूलच्या घरात दर वर्षी कपबशा फुटत होत्या. यशोदेला तो अवघड वाटला नाही. वाडीत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईने आपला पत्ता देवाला जसा सांगितला असता, तसाच तिने तो सांगितला.

"म्हायेर आयर्लंड," ती म्हणाली. "सासर इंग्लंड."

बायकांमध्ये हुंकार उमटला. महादूने मान डोलावली, असा पत्ता देवाला पोचतो. मग त्याने विचारलं की तिच्यासाठी मागायचं काय, आणि यशोदा म्हणाली, तिला सुखात ठेव म्हणून मागा. "आणि लवूचा?" महादूने विचारलं. यशोदेने पाषाणाकडे पाहिलं. इतकी वर्षं जे एकच मागायचं होतं ते मागायची वेळ आली होती, देव समोर होता, वाडी 'व्हय' म्हणायला उभी होती.

"तेंच्यासाठी काय मागू नकात," ती म्हणाली. "ते हंय उबे आसत. तेंकाच इचारा."

महादूने लवूला विचारलं नाही. नवराबायकोत देवालासुद्धा घालू नये एवढी समज त्याला होती. त्याने आधीचं मागणं देवाची क्षमा मागून मोडलं आणि नव्याने आवाज लावला की बा म्हाराजा, म्हायेर आयर्लंड, सासर इंग्लंड, नोरा नावाच्या तुझ्या लेकीला, तिच्या मुलाला, भावाला सुखात ठेव. वाडीने तोंड उघडायच्या आत एक आवाज आला, फाटलेला, एकट्याचा. "व्हय म्हाराजा." तो लवूचा होता. मग वाडी म्हणाली, तीनदा. प्रसाद वाटायच्या आत लवू पाय ओढत घराकडे निघून गेला.

सुगंधेने यशोदेला धारेवर धरलं. आपल्याच पायावर धोंडा घातलास, देव द्यायला बसला होता आणि तू सवतीला दिलंस! यशोदेने पदर सावरला. तेल गेलं, तूप गेलं, तिच्या मनात तेवढंच होतं. ती सावकाश घरी गेली, कारण घाई करून बघायचं होतं ते तिला बघायचं नव्हतं.

माजघरात लवू उकिडवा बसून दोरी सोडत होता. गाठ जुनी, काथ्या फुगलेला, त्याने शेवटी कोयतीने ती कापली. दोन्ही कुलपं उघडली. यशोदा दारात उभी राहिली. ट्रंक भरायला घेतली, आता आपणच कपडे घड्या करून द्यावेत, असं तिने ठरवलं आणि पिशवी आणायला वळली.

"हंय ये गो," लवू म्हणाला.

त्याने ट्रंकेतून काढली ती एक शाल. जाड लोकरीची, हिरवी, गुराच्या पाठीवर घालावी एवढी मोठी. ती उलगडून त्याने तिच्यासमोर धरली. नोराने एका हिवाळ्यात बसून विणली होती, तुझ्या बायकोला दे म्हणून. लवूने आणली खरी, पण द्यायची तर कुणी दिली ते सांगावं लागणार, आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. म्हणून ट्रंक उघडलीच नाही. शालीखाली ट्रंकेत जुन्या वर्तमानपत्राशिवाय काही नव्हतं. ज्या दोरीच्या धाकाने यशोदेने इतके महिने काढले, त्या दोरीने तिचीच वस्तू बांधून ठेवलेली होती.

"तिका म्हायत होता माजा नाव?" तिने विचारलं.

"जशोडा म्हणत होती. बरा म्हणूक येय नाय तिका." लवूने शाल तिच्या हातात दिली. "थंय मी रोज तुजाच बोलत होतंय गो. हंयचा, विहिरीचा, माडांचा. हंय इल्यार..." त्याने मागच्या दाराकडे, समुद्राच्या दिशेला पाहिलं. मग ट्रंकेचं झाकण लावलं आणि म्हणाला, "रिकामी झाली. माळ्यार टाकूया. सत्यवानाक सांगान धाडतंय, मी येवचंय नाय म्हणान."

यशोदा रडली. आनंदाने रडली असं वाडीत सांगतात, पण ते सगळं खरं नाही. नवरा राहिला होता, पण त्याचं अर्धं मन पलीकडे राहणार आणि ते कुठलाही देव आणून देणार नाही, हेही तिला त्याच वेळी कळलं होतं. तिने ते तसंच पदरात घेतलं. पूर्ण मन घेऊन राहतं कोण? तिचं तरी कुठे होतं, शिरगावचं परस सोडून आल्यापासून?

संध्याकाळी लवू मागच्या पेळेवर जाऊन बसला. थोड्या वेळाने यशोदा आली आणि त्याच्या शेजारी बसली, अंगावर ती शाल घेऊन. फाल्गुनातला उकाडा, माडाचं पान हलत नव्हतं, शालीखाली ती घामाने निथळत होती. काढ ती, तो म्हणाला. तिने काढली नाही. दोघं समुद्राकडे तोंड करून बसली.

"आता थंय काय असतला?" तिने विचारलं.

"दुपार," लवू म्हणाला. "जेवणाचो वखत."

"वाढीत असतली," यशोदा म्हणाली.